शिवणटिपण आणि क्रोशे: वर्षभराचा बेत कसा आखावा

“यंदा सहा ब्लाऊज, दोन कुर्ते, एक गोधडी आणि लोकरीचे एक दुपटे” अशी यादी करायला पाच मिनिटे पुरतात. त्या यादीत किती तासांचे काम भरले आहे, ते तास कुठून काढायचे आहेत आणि कोणती वस्तू कोणत्या तारखेच्या आत हवी आहे, हे मात्र त्यात लिहिलेले नसते. आणि मग दिवाळीच्या तोंडावर मशीनवर बेतलेल्या कापडांचा ढीग आणि पिशवीत अर्धवट विणकाम अशी अवस्था होते. पुढील विवेचन पुण्यात राहून, घरचे सगळे सांभाळून, हौसेने शिवणाऱ्या आणि विणणाऱ्यांसाठी आहे. शिवणकाम हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचे गणित वेगळे असते.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अशी, की या दोन कलांना लागणारा वेळ एका जातीचा नाही. शिवणकामाला सलग वेळ लागतो. जागा मोकळी करायची, कापड पसरायचे, खडूने आखायचे, बेतायचे, बॉबिन भरायची, इस्त्री तापवायची, एवढे होईपर्यंतच अर्धा तास निघून जातो. म्हणून वीस मिनिटांच्या सवडीत मशीनवर बसलेल्या माणसाचा सगळा वेळ पसारा काढण्यात आणि आवरण्यात जातो. क्रोशाला सुटा वेळ चालतो. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, मुलांचा क्लास सुटेपर्यंत किंवा मेट्रोत बसायला जागा मिळाली तर वनाझपासून रामवाडीपर्यंत एखादी ओळ सहज होते. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा पुण्यातला नेहमीचा वार गुरुवार. त्या दिवशी मोटारीचे मशीन गप्प बसते, पण खिडकीपाशी क्रोशे चालू राहते. वर्षाचा बेत आखताना हा फरक विसरून दोन्ही कामे एकाच यादीत एकाखाली एक लिहिली, की यादी तिथेच बिघडते. वहीच्या एकाच पानावर दोन रकाने करावेत, डावीकडे सलग वेळेची कामे आणि उजवीकडे सुट्या वेळेची.

हे रकाने भरण्याआधी दोन आठवडे आपल्या वेळेची साधी नोंद ठेवावी. दोन-तीन तास कुणी हाक मारणार नाही असे महिन्यातून किती वेळा मिळतात आणि सुटी अर्धी घटका दिवसातून किती वेळा सापडते, एवढेच लिहायचे आहे. समजा, महिन्याला तीन तासांच्या दोन बैठका निघतात. वर्षाचे ७२ तास झाले. रोजचा अर्धा तास क्रोशासाठी धरला, तर वर्षाचे १८२ तास होतात. आता हे दोन्ही आकडे सरळ निम्म्यावर आणावेत. पाहुणे, परीक्षा, आजारपणे, लग्नसराई आणि नुसता कंटाळा हे सगळे वर्षात येणारच असते. शिवणाचे सुमारे ३६ आणि क्रोशाचे सुमारे ९० तास हाती आहेत, असे समजून यादी करावी. यादी पाहून फारच थोडे लिहिले आहे असे वाटले, तर ती बरोबर उतरली आहे असे समजावे.

कपाटापासून सुरुवात

नवे काही लिहिण्याआधी जुने अपुरे काम बाहेर काढावे. पलंगाच्या पेटीतले, माळ्यावरचे, मशीनच्या खणातले, सगळे एकदा सतरंजीवर मांडावे आणि प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा: ती आज पूर्ण झाली, तर कुणी वापरील का? ज्या बाळासाठी झबले बेतले होते ते बाळ शाळेत जाऊ लागले असेल, तर झबले पुरे करण्यात अर्थ नाही.

टाकून द्यायचे ठरलेल्या क्रोशाच्या कामाचे एक बरे असते, की ते उसवता येते. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करून, दोन-तीन ठिकाणी सैल गाठ मारून, कोमट पाण्यात बुडवून ती बांबूवर वाळत घालावी आणि खालच्या टोकाला हलके वजन अडकवावे, म्हणजे धागा पुष्कळसा सरळ होतो. बेतलेल्या कापडाला ही सोय नाही. कात्री चालली की माप ठरले. असे तुकडे गोधडीच्या पिशवीत जमा करावेत आणि सुती, रेशमी व सिंथेटिक तुकडे तिथेच वेगळे काढावेत, कारण एकाच गोधडीत ते मिसळले, तर धुतल्यावर सुती भाग आटतो आणि शेजारचा तुकडा फुगून राहतो.

त्यानंतर साठवलेले कापड. प्रत्येक कापड उलगडून त्याची लांबी आणि पन्हा, म्हणजे रुंदी, मोजावा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी टाचणीने कापडाला लावावी. कंटाळवाणे काम आहे, पण एकदा केले की वर्षभर पुरते, आणि लक्ष्मी रोडवरच्या दुकानात “दोन मीटर पुरेल की अडीच घेऊ?” असे म्हणत उभे राहण्याची वेळ येत नाही. ३६ इंची पन्ह्याच्या कापडात जो कुर्ता अडीच मीटर खातो, तो ४४ इंची पन्ह्यात कमी कापडात बसतो. हे बेत दुकानात तोंडी करता येत नाहीत.

उद्दिष्ट वस्तूचे आणि कसबाचेही

यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती वस्तू करताना कोणते नवे कसब हाताला लागणार आहे, ते लिहावे. सरळ टीप येत असेल, तर उशीचा अभ्रा. चुण्या आणि नेफा शिकायचा असेल, तर सहा कळ्यांचा परकर. गळ्याला उरेब पट्टी (तिरप्या धाग्यावर कापलेली पट्टी) लावणे जमायला हवे असेल, तर बिनबाह्यांचे झबले. बाही बसवायची असेल, तर साधा कुर्ता. आणि हे सगळे हातात बसल्यावर अस्तराचे ब्लाऊज. या क्रमात फार मोठी उडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्याच वर्षी पैठणीवरच्या ब्लाऊजला हात घालणे म्हणजे महागडे कापड आणि आत्मविश्वास या दोन्हींची एकदम कातरण. एका वर्षात दोन, फार तर तीन नवी कसबे पुष्कळ झाली. बाकीच्या वस्तू येत असलेल्या कामाच्याच असाव्यात, कारण सरावाने हात जेवढा वळतो, तेवढा नवेनवे नमुने पाहून वळत नाही.

ब्लाऊज हे ज्यांचे यंदाचे मुख्य उद्दिष्ट आहे, त्यांनी एक अख्खी बैठक मांजरपाटासाठी, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडावर आधी शिवून पाहण्यासाठी, राखून ठेवावी. छाती, कंबर, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर), उंची आणि बाही ही मापे घेऊन कागदावर आखणी करावी, ती मांजरपाटावर उतरवावी, कच्ची टीप घालावी आणि पुढून टाचण्या लावून ब्लाऊज अंगावर चढवावे. आरशासमोर नुसते उभे राहून काही कळत नाही. हात वर करून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढून पाहावा. हात उचलताच सगळे ब्लाऊज वर ओढले जात असेल, तर मुंढा खाली उतरला आहे. तो अर्ध्या इंचाने वर घेऊन पुन्हा बेतावे. मुंढ्यापासून छातीकडे तिरप्या चुण्या ओढल्या जात असतील, तर टक (आकार देण्यासाठी घातलेली निमुळती चिमटी) अपुरा आहे किंवा चुकीच्या जागी आहे. मागच्या गळ्याला फुगा येत असेल, तर तेवढे कापड चिमटीत धरून टाचणी लावावी आणि तेवढाच भाग आखणीतून कमी करावा. दुरुस्त झालेले मांजरपाट मग उसवून, इस्त्री करून जाड खाकी कागदावर उतरवून ठेवावे आणि त्यावर तारीख घालावी. वजनात मोठा फरक पडेपर्यंत हा कागद पुढच्या प्रत्येक ब्लाऊजला उपयोगी पडतो. वर्षाअखेरीस ब्लाऊज एकच झाले, पण असा नीट बसणारा कागद तयार झाला, तरी माझ्या मते वर्षाचे उद्दिष्ट साधले.

क्रोशातही असेच. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढ्या चार टाक्यांवर कितीतरी वस्तू होतात. त्यानंतर गोलातले विणकाम, मग रंग बदलणे आणि मग अंगावर घालायचे कपडे. परदेशी नमुना पाहून विणणाऱ्यांनी तो अमेरिकी पद्धतीचा आहे की ब्रिटिश, हे आधी पाहून घ्यावे, कारण अमेरिकी नमुन्यातले सिंगल क्रोशे हे ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणून येते, आणि ही उलगड वेळेवर झाली नाही, तर टोपी डोक्याऐवजी टोपलीवर बसेल एवढी होते.

तासांचा हिशेब

हिशेब कसा करायचा, ते एका वस्तूवर नीट पाहू. बाळासाठी ३० इंच लांब आणि ३० इंच रुंद असे चौकोन जोडून केलेले दुपटे घ्यायचे आहे. पाच इंचांचा एक चौकोन धरला, तर सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ चौकोन लागतात. आता घड्याळ लावून तीन चौकोन विणावेत आणि तिसऱ्याला लागलेला वेळ खरा धरावा. पहिला नेहमीच जास्त वेळ खातो. समजा, तिसरा चौकोन २५ मिनिटांत झाला. ३६ चौकोनांचे ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास झाले. बहुतेक जण हिशेब इथे थांबवतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक चौकोनाची सुटी टोके सुईने आत घ्यायला पाच-पाच मिनिटे धरली, तर त्याचेच तीन तास होतात. चौकोन जोडणे आणि भोवतीची कड मिळून सहा तास सहज लागतात. एकंदर २४ तास. आठवड्याला साडेतीन तास मिळत असतील, तर हे सात आठवड्यांचे काम आहे, आणि वर ठरवलेल्या ९० तासांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त वेळ या एका दुपट्यात जातो. आता यादीतल्या बाकीच्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

लोकरीचाही हिशेब त्याच चौकोनावरून निघतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तो ठेवावा. ११ ग्रॅम भरला, तर ३६ चौकोनांना ३९६ ग्रॅम लागतात. जोडणी आणि कड यांसाठी आणखी पाचवा हिस्सा धरला, की सुमारे ४७५ ग्रॅम होतात, म्हणजे १०० ग्रॅमचे पाच गुंडे. ते सगळे एकाच वेळी घ्यावेत आणि लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक प्रत्येक गुंड्यावर तोच आहे ना, हे दुकानातच पाहावे. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही, घरी उजेडात मात्र दुपट्यावर स्पष्ट पट्टा उमटतो. टोके आत घेण्याचे काम शेवटी एकदम करायला ठेवू नये. प्रत्येक चौकोन झाला, की तिथल्या तिथे टोके घ्यावीत.

शिवणकामाचे तास असे चौकोनाने मोजता येत नाहीत, पण बैठकांनी मोजता येतात. एक बैठक आखणी आणि बेतकामाची, एक मुख्य शिलाईची, एक हातकामाची. नवख्या हाताने अस्तराचे ब्लाऊज करताना तीन बैठका धराव्यात आणि काजे, हूक, हातशिलाई ही कामे उजव्या रकान्यात, म्हणजे सुट्या वेळेच्या कामांत टाकावीत. कारण त्यांना मशीन लागत नाही. ही एक युक्ती केली, तरी सलग वेळेच्या बैठका बऱ्याच वाचतात.

पंचांग समोर ठेवून

आता तारखा. आपल्याकडे वस्तू लागतात त्या सणावारी, आणि सण इंग्रजी महिन्यांत पुढेमागे होतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते, म्हणजे गौरीच्या साडीवरच्या ब्लाऊजला किंवा मखराच्या तोरणाला अडीच आठवडे जास्त मिळतात. गेल्या वर्षीच्या वहीतले महिने तसेच उतरवू नयेत. पंचांग किंवा दिनदर्शिका घेऊन सणाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. सणाच्या आधीचे दोन आठवडे साफसफाई, फराळ आणि पाहुणे यांचे असतात. त्यांत एकही बैठक धरू नये. दिवाळीचे परकर-पोलके दसऱ्याच्या आत हातावेगळे झाले पाहिजे.

संक्रांतीचे काळे झबले नोव्हेंबरातच शिवायला घ्यावे. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप रात्रीच्या दिव्यात दिसत नाही आणि डोळ्यांना त्रास होतो, म्हणून ते दिवसाउजेडी करावे लागते. हिवाळ्यात दिवस लहान असल्यामुळे अशा बैठका कमीच मिळतात. बोरन्हाणाच्या झबल्याला थोडी ढिलाई ठेवावी, कारण दोन महिन्यांत बाळ माप सोडून जाते. मुलींच्या परकराला आतून दोन इंचांची दुमड घालून ठेवली, तर तोच परकर पुढच्या वर्षीही चालतो.

पुण्याच्या हवेचाही विचार करायचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हाताला घाम येतो आणि लोकर बोटांना चिकटते, त्यामुळे त्या दिवसांत सुती दोऱ्याचे काम घ्यावे: रुमाल, ताटावरची झाकणे, तोरण, पिशव्या. स्वेटर, टोपी किंवा शाल डिसेंबरच्या पहाटेच्या गारठ्याला हवी असेल, तर लोकर ऑगस्टमध्ये हातात घ्यायला हवी. डिसेंबरात सुरू केलेला स्वेटर थंडी सरल्यावर पुरा होतो आणि पुढच्या वर्षी तोकडा पडतो. शिवण्याचे सुती कापड आधी भिजवून आटवून घ्यावे लागते आणि ते काम मेच्या उन्हात उरकावे. पावसाळ्यात वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि कापडाला दमट वास धरतो. त्याच दमट हवेत सुया गंजतात. मशीनच्या आणि क्रोशाच्या सुया मशीनच्या तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. वापरण्याआधी त्या कोरड्या पुसाव्यात, नाहीतर पहिल्याच टिपेला कापडावर तेलाचा डाग पडतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत लेस, बटणे, मणी, दोरे एवढे दिसतात, की यादीबाहेरचे काहीतरी घेतल्याशिवाय परत येणे कठीण. वर्षातून तीन-चार ठरलेल्या फेऱ्या कराव्यात, प्रत्येक वेळी पुढच्या तिमाहीचेच सामान घ्यावे आणि यादीत नसलेल्या कापडाला हात लावू नये. कटपीस स्वस्त मिळतात हे खरे आहे, पण कपाटात पडून राहिलेला स्वस्त कटपीस महागच पडतो.

वर्षभर चालू ठेवण्यासाठी

तीन महिन्यांनी एकदा वही उघडून बसावे. आपल्याकडे गुढीपाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत हे थांबे जवळपास सारख्या अंतरावर येतात, तेच यासाठी वापरावेत. ठरवलेले तास आणि लागलेले तास शेजारीशेजारी लिहावेत. दुप्पट वेळ लागत असेल, तर वेग वाढवण्याच्या भरीस पडू नये. यादीतली एक वस्तू खोडावी. कोणत्या सुईने, कोणत्या लोकरीने, किती ओळी केल्या, हे वस्तू चालू असतानाच टिपावे आणि लेबल व धाग्याचा तुकडा त्याच पानावर चिकटवावा. स्वेटरची पहिली बाही श्रावणात आणि दुसरी कार्तिकात झाली, की या नोंदीची किंमत कळते. नोंद नसेल, तर दोन बाह्या हमखास लहानमोठ्या होतात.

दसऱ्याला मशीनला हळदीकुंकू आणि झेंडूचे फूल वाहण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात मशीनची खरी सेवा करून टाकावी. सुईखालची पट्टी काढून दात्यांमध्ये साचलेले तंतूंचे बोळे ब्रशने काढावेत, बॉबिनची पेटी पुसावी, तेलाच्या भोकांत थेंब-थेंब तेल सोडावे, जुन्या फडक्यावर दहा मिनिटे टीप मारून जादा तेल निघू द्यावे आणि सुई बदलावी. साध्या सुती कापडाला १४ नंबरची, पातळ मलमल किंवा जॉर्जेटला ११ नंबरची आणि जाड कापडाला १६ नंबरची सुई लागते. टिपेला खालच्या बाजूने दोऱ्याची वेटोळी येत असतील, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. तो एकदा पूर्ण काढून पुन्हा ओवावा, तणाव त्यानंतर तपासावा.

फाल्गुनात नवी यादी करताना गेल्या यादीतली अपुरी वस्तू आपोआप पुढच्या पानावर जाऊ देऊ नये. तिला अजून किती तास लागतील, ते पुन्हा घड्याळ लावून मोजावे, ती कुणाला आणि कोणत्या तारखेला हवी आहे ते लिहावे, आणि नव्या वर्षाच्या निम्म्या तासांत तिला जागा असेल, तरच ती उतरवावी. जागा नसेल, तर लोकर उसवून लडी करावी आणि कापड गोधडीच्या पिशवीत टाकावे.